वरची बाजू खंयची?

"बाय, ही पिन भितर वचना!"

डिचोलीच्या बाजारात कॉम्प्युटर-दुरुस्तीचं दुकान घातल्यापासून 'पिन आत जात नाही' हे गाऱ्हाणं मी जितकं ऐकलं, तितकं माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. लोकांना वाटतं, कॉम्प्युटर दुरुस्त करणं म्हणजे पेटी उघडून आतल्या हिरव्या पाटीवर काहीतरी गूढ करणं. तेही कधीतरी करावं लागतं. पण माझं निम्मं आयुष्य पेटीच्या पाठीमागे गेलं. तिथे वायरी लावायच्या जागा असतात. कीबोर्डची वेगळी, पडद्याची वेगळी, प्रिंटरची वेगळी. वायर आणि तिची जागा यांची गाठ जिथे पडते, तिथेच बहुतेक भानगडी होतात.

नव्वदच्या दशकात म्हापशाला कोर्स करून मी या धंद्यात आले. बाईमाणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभी राहिली की लोक माझ्या खांद्यावरून मागे बघायचे, मेकॅनिक कुठे राहिला म्हणून. मी "मीच ती" म्हणायचे आणि सरळ मेजाखाली शिरायचे. एकदा मेजाखाली शिरलं की बाई काय, बुवा काय, सगळे सारखेच धुळीने माखतात.

बाजारातल्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याने नवा प्रिंटर घेतला होता. त्या काळी प्रिंटरची पिन हाताच्या पंजाएवढी रुंद असायची, आत बारीक सुयांच्या दोन रांगा. मी गेले तेव्हा त्या सुयांचं पार चिपाड झालं होतं. मी विचारलं, "हे कशाने झालं?" शेठ अगदी निरागसपणे म्हणाले, "भितर वचना जाली, म्हणून मातसो धपको दिलो." धपका कशाने दिला ते शेजारी पडलेल्या हातोडीने सांगितलं. त्यांनी पिन उलटी धरली होती. तिची एक बाजू लांब, एक आखूड असते. ती उलटी आत जाऊच नये म्हणूनच तसा आकार दिलेला असतो. पिन बिचारी नाही म्हणत होती आणि शेठ हातोडीने तिची समजूत घालत होते.

मी हसले आणि नवी वायर बसवून आले. पण तेव्हा त्या आकाराकडे मी फार लक्ष दिलं नव्हतं. पहिल्यांदा लक्ष गेलं ते शिरगावच्या बाजूला, एका खाणीच्या वजनकाट्यावर.

खनिज भरलेला ट्रक काट्यावर उभा राहिला की त्याचं वजन एका वायरीतून केबिनमधल्या कॉम्प्युटरवर जायचं. केबिनमधला कारकून म्हणाला, "रिकामो ट्रक आयलो की सगळें बरें. भरिल्लो आयलो की बंद!" मला वाटलं, थट्टा करतोय. मी तिथेच बसून राहिले. रिकामा ट्रक आला, आकडा उमटला. भरलेला आला, केबिनची जमीन थरथरली, मेज थरथरलं, आणि आकडा गेला. मी लाल धुळीत हात घालून मागे चाचपलं. वायर नुसती टेकवलेली होती. तिच्या दोन्ही कानांशी दोन बारीक स्क्रू असतात, ते कोणी आवळलेच नव्हते. ते मी बोटांनी आवळले. पुढचा भरलेला ट्रक आला, मेज थरथरलं, आकडा जागचा हलला नाही.

कारकून म्हणाला, "हांव समजतालो ते शोभेक आसात."

परत येताना स्कूटरवर माझ्या मनात एकच गोष्ट. कुठल्या तरी परक्या मुलखात कोणी माणूस बसून ती पिन आखत होता. त्याने शिरगाव पाहिलेलं नव्हतं, ट्रक पाहिला नव्हता. तरी त्याला सुचलं की कधीतरी, कुठेतरी, जमीन हादरेल. आणि त्याने दोन स्क्रू ठेवले.

हे सगळं मला पुढे नीट शिकवलं ते पेडण्याच्या आत्माराम मास्तरांनी. ते निवृत्त हायस्कूल शिक्षक, इंग्रजी शिकवायचे. मी त्यांना भेटले तेव्हा काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेलेली होती. बायको वारली होती. एकुलता मुलगा उल्हास वास्कोला, मुरगाव बंदरात मालाच्या जहाजांची कामं बघणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. मास्तर एकटे राहायचे, शेजारच्या शेवंतीवहिनी दोन वेळचं जेवण करून द्यायच्या.

उल्हासने त्यांच्यासाठी बोलणारा कॉम्प्युटर घेतला होता. त्यात एक प्रोग्रॅम असतो, तो पडद्यावरचं इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवतो. सोबत स्कॅनर. त्याच्या काचेवर पुस्तकाचं पान पालथं ठेवायचं, थोडं थांबायचं, की ते पानही मशीन वाचतं. ते सगळं जोडून द्यायला मला बोलावलं होतं. अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल ओलांडून मी पेडण्याला पोचले. मास्तर कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, ताठ बसून वाट बघत होते.

मी वायरी सोडवायला लागले तसे म्हणाले, "गो बाय, तू जोडून जातलंस. मगे उद्या एक वायर सुटली तर मी कोणाक हाक मारू? माका शिकय."

"मास्तर, मी येईन ना. फोन करा."

"तू डिचोलीसून येय सर मी काय करू? हात पसरून बसू?"

मी प्लग काढला, पेटीची पाठ त्यांच्याकडे वळवली आणि त्यांचा हात धरून तिच्यावर ठेवला. यानंतर जे झालं ते मी आजवर अनेकांना सांगितलं आहे. मास्तरांची बोटं एकेका जागेवर थांबत गेली. विजेची जागा तीन पाकळ्यांची, दोन कोपरे छाटलेली. फोनची वायर लावायची जागा चौकोनी, तिच्या खाली एक खाच. मी वायर त्यांच्या हातात दिली, त्यांनी आत सारली, 'टक्' असा आवाज झाला.

"ह्यां काय झालां?"

"बसली, मास्तर. तिला एक चाप असतो. बसली की ती तुम्हाला सांगते."

"सांगता?" त्यांनी चाप दाबून ती काढली आणि पुन्हा लावली. टक्. पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग पडद्याची पिन हातात घेतली, एक बाजू लांब, एक आखूड. ती मुद्दाम उलटी धरून लावून बघितली. नाही गेली. सुलटी धरली. गेली. मास्तर मोठ्याने हसले. इतके की शेवंतीवहिनी हात पुसत बाहेर आल्या.

"उलटी जायतच नाय गो! ज्यांनी केलां तेका आधीच म्हायत, माणूस चुकतलो. मी शाळेत पोरां चुकली की तांबडी रेघ मारी. ह्यांनी चुकाची वाटच बंद करून ठेवली!"

मग त्यांचा हात दोन गोल भोकांवर आला. एक कीबोर्डचं, एक माउसचं. दोन्ही अगदी एका मापाची. त्यांनी पुन्हा पुन्हा चाचपून बघितली. "ही दोन सारखीच. खंयचां कोणाचां, कसां समाजता?"

"रंगावरून," मी बोलून गेले. "जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं."

मास्तरांचा हात थांबला. पुढे आवाजाच्या वायरीसाठी तीन बारीक भोकं होती. एकातून आवाज बाहेर येतो, उरलेली दोन आवाज आत घ्यायची. तीही एका मापाची, तीही फक्त रंगाने वेगळी. त्यांनी ती चाचपली आणि विचारलं, "हीय?"

"होय, मास्तर."

त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. "बरां," म्हणाले, "हय माझी याद येवक नाय त्यांका."

राग नव्हता आवाजात. बाकी पेटीभर कोणीतरी त्यांच्या बोटांची काळजी घेतली होती, आणि नेमक्या आवाजाच्या जागी विसरलं. ज्या माणसाला पडदा दिसत नाही, त्याचा सगळा कॉम्प्युटर त्या एका बारीक भोकातून बाहेर येतो.

त्या आठवड्यात मी दुकानातला भंगाराचा खोका उपसला. मेलेले माउस, तुटलेले इअरफोन. त्यांच्या पिना मुळाशी कापल्या, वायरींची टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून वर लाखेचा थेंब सोडला. झाली बुचं. माउसचा मास्तरांना उपयोग नव्हता, म्हणून पेडण्याला जाऊन त्याच्या भोकात एक बूच घातलं, आवाजाच्या नको असलेल्या दोन भोकांत दोन. आता गोल पिनेला एकच गोल जागा उरली, बारीक पिनेला एकच बारीक. माझ्या उभ्या जन्मातलं हे एकमेव संशोधन. मास्तरांनी पेटीच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आता ह्यां घर माझां."

राहिली होती स्कॅनरची वायर. चपटी, यूएसबी म्हणतात ती. हिच्याबद्दल साऱ्या जगाची तक्रार, की एका बाजूने धरावी तर जात नाही, उलटी करावी तर जात नाही, परत पहिल्यासारखी धरली की जाते. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगून हसवायचे. मास्तरांनी ती पिन हातात घेऊन अंगठा फिरवला आणि विचारलं, "हय काय कोरलांहा?"

"कुठे?"

"ह्या बाजूक. दुसऱ्या बाजूक नाय. त्रिशुळासारख्यां लागता."

मी पिन जनेलाशी, खिडकीच्या उजेडात नेली. खरंच, एका अंगाला बारीक त्रिशूळ उठवलेला होता. मी अशा वायरी ढिगाने विकल्या होत्या आणि ते चिन्ह म्हणजे नुसता शिक्का समजले होते. पेटी आडवी ठेवलेली होती. त्रिशूळ वर करून मी पिन लावली. पहिल्या फटक्यात आत. काढली, परत लावली. परत आत.

"मास्तर, ही वरची बाजू आहे! खूण आहे ती!"

"मगे? आणि कशाक कोरतले?" ते शांतपणे म्हणाले.

घरी आल्यावर मी दुकानातल्या सगळ्या वायरी काढून बसले. जवळजवळ प्रत्येकीवर ती खूण होती. कोणीतरी इतकी वर्षं आम्हाला सांगत होतं, वर ही बाजू, वर ही बाजू, आणि आम्ही त्यालाच शिव्या देत होतो. माझ्या अंगठ्यालाही ती खूण लागायला लागली. तेव्हापासून आजपर्यंत ती वायर मी एकदाही उलटी लावलेली नाही.

मास्तरांचं वाचन सुरू झालं. शाळेत शिकवलेली, पुढे कपाटात पडून राहिलेली पुस्तकं एकेक करून काचेवर यायला लागली. शेवंतीवहिनी सांगायच्या, सकाळी पाववाला पोदेर उंडे घेऊन येतो तेव्हाच आतून इंग्रजी बोलणं ऐकू येतं, पोदेराला वाटतं घरात पाहुणे आले आहेत.

पण उल्हासचा जीव वास्कोहून टांगणीला होता. पावसाळ्यात मास्तर पायरीवरून घसरले, मनगट सुजलं. तेव्हापासून त्याने धोशा लावला, बाबा, वास्कोला चला. मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "वाचूक येता थंयसर मी हय. वाचूचां बंद झालां की तू म्हणशीत थंय येतंय."

आणि चवथ आली.

गोव्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला विचारा, चवथ संपल्यावर आमची खरी चवथ सुरू होते. घरोघरी गणपतीसाठी खोली मोकळी करतात, वर फळाफुलांची माटोळी बांधतात, आणि त्या धांदलीत कॉम्प्युटर उचलून कोणत्या तरी कोपऱ्यात जातो. वायरी कोण कशा ओढतो, देव जाणे. मास्तरांच्या घरीही तेच झालं. उल्हास चवथीला आला होता. त्याने आणि शेवंतीवहिनींनी मेज हलवलं. दीड दिवसाचा गणपती पोचवून आल्यावर उल्हासने सगळं पूर्ववत जोडलं. पडदा लागला, सगळं दिसायला लागलं. आवाज मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेवंतीवहिनींचा फोन. "बाय, मास्तरांचो कॉम्प्युटर उलयना. आणि उल्हास तेंका घेवन वास्कोक चल्लो. तू येतंस?"

मी पोचले तेव्हा दारात बॅग भरून ठेवलेली होती. मास्तर धुतलेला सदरा घालून कदेलवर बसले होते, हात मांडीवर. उल्हास मला म्हणाला, "आवाजाचा भाग जळला वाटतं. स्पीकर चालू आहे, वायर घातली आहे, पण काही नाही. आता राहू द्या. नाहीतरी एक दिवस हे व्हायचंच होतं." त्याचेही डोळे लाल होते. बापाला असं घरातून उठवून नेताना त्याला आनंद होत नव्हता.

मी मेजामागे वाकले. माझी लाखेची बुचं नव्हती. शेवंतीवहिनी पदराचं टोक चुरगाळत म्हणाल्या, "तुटक्या वायरींचे तुकडे म्हणून मी केरात टाकले गो."

आता तिन्ही बारीक भोकांत पिन जाऊ शकत होती. स्पीकरची पिन काळी, तिला रंगच नव्हता. उल्हासने ती भलत्याच भोकात घातली होती. मी हात पुढे केला.

"थांब," मास्तर म्हणाले. त्यांनी माझ्या बांगड्यांचा आवाज ऐकला असणार. "हात लाव नको. उल्हासा, तूय लाव नको."

ते उठले, मेजाला धरून मागे गेले, गुडघ्यांवर बसले. हात पेटीच्या पाठीवर आला. विजेच्या तीन पाकळ्या. पडद्याची पिन, स्क्रू आवळलेले. दोन गोल भोकं. "बूच गेलां," ते स्वतःशीच पुटपुटले. बोटं पुढे सरकली आणि त्या तीन भोकांपाशी थांबली.

"उल्हासा, कीबोर्डाकडे बस. एक अक्षर दाबीत रव. सोड नको."

उल्हासने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो बसला आणि एक अक्षर दाबायला लागला. मास्तरांनी पिन काढली, शेजारच्या भोकात घातली. स्पीकर नुसता खरखरला. उल्हास दाबत राहिला. बाहेर शेवंतीवहिनींची कोंबडी ओरडत होती, एवढाच आवाज. मला वाटत होतं आपण नुसतं बोट दाखवावं, संपलं. पण मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले. मास्तरांनी पिन काढली. शेवटच्या भोकाची कड अंगठ्याने शोधली आणि पिन आत सारली.

"ए," स्पीकर म्हणाला. "ए. ए. ए. ए."

उल्हासचं बोट इंग्रजी 'ए'वर होतं. मघाशीच स्वयंपाकघरात गेलेल्या शेवंतीवहिनी आतून ओरडल्या, "कोण गो हाक मारता?"

आम्ही सगळेच हसलो. उल्हास हसता हसता थांबला आणि त्याने कीबोर्डवर कपाळ टेकलं, तसा कॉम्प्युटर भराभर भलतीसलती अक्षरं म्हणायला लागला. मास्तर मेजामागून म्हणाले, "अरे, पोरा, त्याका श्वास तरी घेवक दी."

उल्हास उठला आणि बापाशेजारी, मेजामागच्या केरात, आपल्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी बसला. त्याने डोळे मिटले. "बाबा, माका दाखयात," तो म्हणाला. मास्तरांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि विजेच्या पाकळ्यांपासून सुरुवात केली. ही अमकी, ही तमकी, ही उलटी जायत नाय, बघ लावून. पन्नाशीकडे झुकलेला मुलगा डोळे मिटून पिन चाचपत होता आणि बाप त्याला घाई करू देत नव्हता. मी आत जाऊन शेवंतीवहिनींकडे चहा मागितला, कारण तिथे उभं राहणं मला जमेना.

उल्हास संध्याकाळच्या बसने एकटा परत गेला. पुढच्या खेपेला त्याने पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवला. मी नवी बुचं करून दिली, आणि शेवंतीवहिनींना ती ओळखून ठेवायला लावली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या मोठ्या पेट्या गेल्या, गोल पिना गेल्या, जांभळा-हिरवा गेला. खाणी बंद पडल्या तेव्हा वजनकाट्यांची कामंही थांबली. दुकानात आता दुरुस्तीपेक्षा मोबाइलची कव्हरं जास्त खपतात. कुणी "पिन भितर वचना" म्हणत येत नाही. धंदा म्हणून वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

मागल्या उन्हाळ्यात उल्हासने वडिलांसाठी नवा लॅपटॉप पाठवला. हा लॅपटॉप मराठीही वाचून दाखवतो. मास्तर नव्वदीला टेकले आहेत, हात थोडा कापतो. त्यांनी बोलावलं म्हणून मी गेले. नव्या मशीनला एकच पिन, लहानशी, लांबट गोल. मास्तरांनी ती हातात घेऊन अंगठा फिरवला. एका बाजूला काही लागलं नाही. दुसऱ्या बाजूलाही नाही. त्यांचा चेहरा पडला.

"हिका खूण नाय. वरची बाजू खंयची?"

"लावून बघा, मास्तर."

त्यांनी पिन लावली. गेली. त्यांना खरं वाटेना. काढली, उलटी केली, लावली. गेली.

"चुकलां काय माझां?"

"नाही. हिला वरची बाजूच नाही. कशीही धरा, जाते."

मास्तरांनी पिन पुन्हा काढली. उलटी लावली, सुलटी लावली, डोळे दाराच्या उजेडाकडे लावून. मग अगदी हळू, देवळात बोलावं तसं म्हणाले, "ही करणारो कोण आसतलो गो तो? देव बरां करू तेचां."

कॉम्प्युटर सुरू झाला आणि मास्तरांच्या बोटांखाली मराठीत बोलायला लागला. मी चहा घेतला, थोडं बसले आणि निघाले. हत्यारांची पिशवी त्या दिवशी उघडावीच लागली नाही.